तीनशे बारा रेषा

त्या ठिपक्याचा व्यास अकरा मिलिमीटर होता. मी पट्टी लावून मोजला. बाकीचे ठिपके दोन, अडीच, फार तर चार मिलिमीटरचे. काही इतके बारीक, की छापताना शाईचा शिंतोडा उडाला असावा. अकराचा एकच. कागदाच्या बरोबर मधोमध, आणि चहूबाजूंनी रेषा त्याच्याकडे इतक्या दाटीने धावत आलेल्या, की त्याच्या कडेला पांढरा कागद दिसतच नव्हता. ठिपक्यापासून पेनने एक बाण काढून कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पाया. अक्षर माझ्या नवऱ्याचं होतं. ठिपकाही त्याचाच.

गुरुवारची सकाळ होती, ऑफिसात अजून निम्मी माणसं यायची होती. कागदाने मीटिंगच्या खोलीची एक अख्खी भिंत व्यापली होती आणि नवरा हातात चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो दारातूनच आत बोलवायचा, कागदापासून चार पावलं मागे उभं करायचा आणि म्हणायचा, इमारत कशावर उभी आहे ते बघा. माणसं बघायची, मान हलवायची. हिशेब ठेवणारे काका तर चष्मा वर करून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, कळत काही नाही, पण साहेब मध्ये आहेत एवढं दिसतंय. सगळे हसले. मी आत गेले तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या आवाजात खरोखरचा गहिवर होता. "मिली," तो म्हणाला, "चौदा वर्षांनी तूच सिद्ध केलंस बघ." मी पर्समधून पट्टी काढली. ती माझ्याकडे नेहमी असते.

नकाशा मीच काढला होता. औषधांच्या शीतगृहांमध्ये आणि औषधं नेणाऱ्या गाड्यांमध्ये थंडी किती आहे ते मोजत राहायचं, प्रत्येक तापमापकाची स्वतःची चूक वजा करायची, आणि औषध बिघडेल इतका उबारा वाढला तर कुणालातरी जागं करायचं, हे आमच्या प्रोग्रॅमचं काम. चौदा वर्षांत त्याच्या दोन हजारांवर फाइली झाल्या. आता एक मोठी कंपनी आम्हाला विकत घेणार होती आणि त्यांच्या तपासनीस बाईंनी पत्र पाठवून विचारलं होतं, की यात काय कशावर अवलंबून आहे ते सोमवारी दाखवा. म्हणून तीन आठवडे बसून मी एक वाचक लिहिला. माणूस नव्हे, प्रोग्रॅमच. तो टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एकेक फाइल न चालवता नुसती वाचतो, प्रत्येक फाइलीचा, तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनचा, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याचा, एक ठिपका करतो, आणि कुणी कुणाला वापरलं की दोघांमध्ये एक रेषा ओढतो. हे ठिपके आणि रेषा ज्या डेटाबेसमध्ये साठवायच्या तो रकान्यांचा नसतो, नात्यांचा असतो. त्याला विचारता येतं: हे एक काढून घेतलं तर काय काय कोसळेल? ज्याच्याकडे जास्त रेषा येतात त्याचा ठिपका मोठा काढायचा, हा नियमही माझाच. नियम साधा होता. साध्या नियमांवर माझा फार विश्वास.

पट्टी परत ठेवताना माझी नजर कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे गेली. तिथून एक रेषा निघून सरळ पायापर्यंत, नवऱ्याने सुरुवातीला लिहिलेल्या त्या फाइलीपर्यंत, गेली होती. ती ज्या फाइलीतून निघाली होती ती मी मागच्याच मंगळवारी लिहिली होती, अडतीस ओळींची. त्या अडतीस ओळी मला पाठ होत्या. त्यांत पायामधून मी काहीही वापरलं नव्हतं. फक्त एक नाव घेतलं होतं. टाइपस्क्रिप्टमध्ये दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. एक, ज्या प्रत्यक्ष काही करतात. दुसऱ्या, ज्या नुसतं सांगतात की अमुक वस्तू कशी असायला हवी: हा आकडा, ही तारीख, हे तापमान. दुसऱ्या तऱ्हेला टाइप म्हणतात. ते लिहिणाऱ्यासाठी असतात. लिहिताना चुकलं तर हात धरतात. पण प्रोग्रॅम चालायच्या आधी ते सगळे पुसून टाकले जातात, चालताना त्यांच्यातलं एकही तिथे नसतं. हे मला माहीत होतं. शिकाऊ माणसालाही माहीत असतं. आणि तरीही मी माझ्या वाचकाला दोन्हींसाठी एकच शब्द शिकवला होता: वापरते. करणारं आणि सांगणारं, दोन्ही एकाच शाईने काढलं होतं.

मी जागेवर येऊन डेटाबेसला विचारलं. पायाकडे रेषा किती? तीनशे बारा. त्यातल्या चालताना उरणाऱ्या किती? उत्तर यायला एक सेकंदही लागला नाही. तीन. तिन्ही एकाच फंक्शनकडे जात होत्या, आणि ते फंक्शन अहवालाच्या तळाशी छापण्यासाठी कंपनीचं नाव परत द्यायचं. बाकी काही करायचं नाही. मी हसले नाही. खुर्चीच्या हातावर माझा अंगठा कितीतरी वेळ वरखाली फिरत होता. पलीकडे मीटिंगच्या खोलीत तो कुणालातरी म्हणत होता, चार पावलं मागे ये, हां, आता बघ.

चूक माझी होती म्हणून दुरुस्त करणंही आलं. रेषांना दोन नावं द्यायची आणि दोन हजार फाइली पुन्हा वाचून घ्यायच्या. या वेळी मी आणखी एक केलं. तपासनीस बाईंच्या पत्रात दुसरी एक ओळ होती: कुठला भाग कुणी लिहिला तेही दाखवावं. त्या ओळीवर नवऱ्याने पेन्सिलीने काट मारली होती. माणसं नकोत त्यात, म्हणाला होता, घाण दिसतं. मी तेव्हा बरं म्हटलं होतं. आता मी माणसांचेही ठिपके केले आणि फाइलीपासून माणसापर्यंत रेषा ओढायला सांगितलं. वाचक चालू झाला. पडद्यावर आकडा हळूहळू वाढू लागला, सतरा, अठरा, एकोणीस. चाळीस मिनिटं लागणार होती.

वाट बघणं मला येतं. कॉलेजात मी मिठाचे स्फटिक वाढवायचे. द्रावण बंद भांड्यात ठेवायचं, उष्णता एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकीही हलू द्यायची नाही आणि बसून राहायचं. टेबलाजवळून कुणी पाय आपटत गेलं तर मी रागावायचे. सर मला मिलिग्राम म्हणायचे, कारण मी पदार्थ चौथ्या दशांशापर्यंत तोलल्याशिवाय वहीत लिहायचे नाही. मिलिग्रामचं मिली नवऱ्याने केलं, तो तेव्हा शेजारच्या वर्गात होता. त्यालाही नाव होतं: प्रस्तावना. कुठलंही काम निघालं की प्रस्तावना उभा राहायचा आणि ते काम किती सुंदर होणार आहे ते असं सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं झालंच. मला तो त्यासाठीच आवडला होता. मला बोलता येत नव्हतं. मी जे करायचे ते काय आहे, हे तो मला सांगायचा. कंपनी काढायची ठरली तेव्हा सहा आठवडे बसून त्याने पाया लिहिला. आजही ती फाइल उघडली की मला तिचं कौतुक वाटतं, ते मी नाकारणार नाही. जागा म्हणजे काय, मोजणी म्हणजे काय, इशारा म्हणजे काय, याच्या इतक्या स्वच्छ व्याख्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. मग त्याने ती फाइल मिटली आणि म्हणाला, आता नुसतं भरायचंय. मुलगी तीन वर्षांची होती. माझी स्फटिकांची भांडी प्रयोगशाळेच्या खिडकीत होती. "एकच वर्ष, मिली," तो म्हणाला होता, "एकदा चालू झालं की तू मोकळी."

भरायला मी बसले. अजून बसलेलीच आहे.

चारशे दहाव्या फाइलीला मैत्रिणीचा फोन आला. प्रयोगशाळेत आम्ही एकाच टेबलावर काम करायचो. आता ती पाणी तपासण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेची प्रमुख आहे आणि दरवर्षी एकदा मला विचारते, येतेस का. दरवर्षी मी म्हणते, या वर्षी नको, पुढच्या वर्षी नक्की. "तुझं पुढचं वर्ष आता तेरा वर्षांचं झालं," ती म्हणाली, "मिसरूड फुटेल त्याला." मी हसले. मग ती म्हणाली, की या वेळी गंमत नाही, तिच्या हाताखालची जागा भरायचा हुकूम आलाय, महिनाअखेर नाव कळवायचं आहे, आणि या खेपेला भरली की तिच्या निवृत्तीपर्यंत दुसरी निघणार नाही. पाण्याचे नमुने, साडेनऊ ते साडेपाच, तराजू नवा आलाय, पाचव्या दशांशापर्यंत दाखवतो. मी म्हटलं, सोमवारनंतर सांगते. ती म्हणाली, बरं. ते बरं ऐकून मला जे वाटलं त्याला शरम हाच शब्द आहे.

राग मला उशिरा येतो. जाड बुडाच्या भांड्यासारखं आहे माझं. खाली जाळ कितीही असो, वरचं पाणी बराच वेळ निवांत दिसतं. सातशेव्या फाइलीच्या आसपास मला आईचं आजारपण आठवलं. एकोणीस दिवस ती दवाखान्यात होती. पहिल्याच दिवशी संध्याकाळी नवऱ्याने सगळ्यांच्या पाळ्यांचं वेळापत्रक करून आणलं, रंगीत, माझ्या भावालाही धरून. मी हिरवी, तो निळा, दादा पिवळा. दादाने ते पाहून मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, नशीबवान आहेस, आमच्या घरी कुणाला एवढं सुचलं नसतं. परिचारिकांनीसुद्धा कौतुक करून ते पलंगाच्या पायथ्याशी लावलं. निळे चौकोन बावीस होते. त्यांतल्या दोन चौकोनांना तो आला, आणि दोन्ही वेळा जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता. दर वेळी कारण खरं होतं. कुणाला तरी भेटायचं होतं, कुठे तरी प्रस्तावना करायची होती. मी हिरव्यातून निळ्यात जायचे, निळ्यातून परत हिरव्यात. आईला शेवटी रंग कळत नव्हते, तिला फक्त कोण आहे ते कळायचं. आई गेल्यावर भेटायला आलेल्यांना तो सांगायचा, एकोणीस दिवस आम्ही आळीपाळीने तिच्या उशाशी बसलो. सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. तो खोटं बोलत नव्हता. वेळापत्रक त्याने स्वतः केलं होतं. त्याच्या लेखी ते घडलेलंच होतं. मी पाण्याचे पेले भरून देत होते आणि मला वाटत होतं, की या माणसाला पकडायचं तरी कुठे? त्याच्यावर ठेवावा असा एकही आरोप माझ्याजवळ नव्हता. कागदावर तो सगळीकडे होता.

तेव्हा नव्हता, तो आरोप आता पडद्यावर होता. तीनशे बारा उणे तीन.

वाचक थांबला. मी नवा नकाशा काढायला सांगितला, तीच मोजपट्टी ठेवून, म्हणजे तुलना करता येईल; फक्त या वेळी ठिपक्यासाठी थेट येणाऱ्या रेषांबरोबर त्यांच्यामागून साखळीने येणाऱ्याही मोजायला लावल्या. पाया एक मिलिमीटरचा झाला होता. तो शोधायला मला वेळ लागला. वरच्या उजव्या कडेजवळ होता, कंपनीचं नाव हातात घेऊन. आणि मध्ये जे होतं ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. मध्ये दुरुस्ती होती. तापमापकाची चूक वजा करणारा भाग, माझा, चौदा वर्षं माझ्या एकटीचा. चौतीस मिलिमीटर. शेजारच्या ठिपक्यांची नावं त्याच्याखाली झाकली गेली होती. प्रत्येक मोजणी, प्रत्येक इशारा त्यातून जात होता, आणि त्याच्यातून एकच रेषा बाहेर माणसापर्यंत जात होती, आणि ते माणूस मी. चालताना उरणाऱ्या कोडपैकी शंभरातले एक्क्याऐंशी भाग माझ्या ठिपक्याला टांगलेले होते. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि जाड बुडाच्या भांड्यातलं पाणी उकळायला लागलं, पण आधी वाटलं होतं त्या बाजूने नाही.

कारण त्या रेषा नवऱ्याने ओढलेल्या नव्हत्या. गेल्या वर्षी एक हुशार मुलगी कामाला होती, सारखे प्रश्न विचारायची. तीन वेळा ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली होती, मॅडम, दुरुस्ती शिकवा ना. तिन्ही वेळा मी म्हटलं, थांब, मीच करते, लवकर होईल. चौथ्यांदा ती आली नाही, दुसरीकडे नोकरी लागली म्हणून पेढा न देताच गेली. मी सगळ्यांना असंच सांगत आले होते. घरीसुद्धा. मुलगी भांडी घासायला उठली तर मी म्हणायचे, राहू दे, तू काही नीट घासत नाहीस. मीच करते या दोन शब्दांची एकेक रेषा, रोज एक, चौदा वर्षं. वर पुन्हा मनात म्हणायचे, की मी अडकले. मैत्रिणीला दर वर्षी जे कारण द्यायचे, की माझ्याशिवाय इथे चालणार नाही, ते खरं होतं. मीच खरं करून ठेवलं होतं. तो उंटावर बसून शेळ्या हाकत होता हे जितकं खरं, तितकंच हेही, की शेळ्यांची दावी मी आपणहून स्वतःच्या कमरेला बांधून घेतली होती आणि गाठी इतक्या नेटक्या मारल्या होत्या की दुसऱ्या कुणाला सुटू नयेत. एका वेळी दोन माणसांवर रागावणं कठीण असतं, त्यातून एक आपणच असताना. मी नकाशा छापला, गुंडाळला आणि घरी नेला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तो पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मुलगी पलीकडच्या टोकाला तिचं अभ्यासाचं पुस्तक उभं धरून बसली होती. मी नवऱ्याला सांगितलं की माझ्या वाचकात चूक होती, काय चूक होती, आणि दुरुस्त केल्यावर काय दिसतं. मी सांगते तेव्हा थोडक्यात सांगते. तो मूर्ख नाही. अर्ध्या वाक्यातच त्याला समजलं. तो खाली वाकून पाया शोधू लागला. मध्ये बघितलं, डावीकडे बघितलं. मी बोट ठेवून दाखवलं नाही. सापडला तेव्हा त्याचे कान लाल झाले, पूर्वी तोंडी परीक्षेत व्हायचे तसे.

"म्हणजे मी नाहीच का यात?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने मला विचारलेला तो एकमेव खरा प्रश्न असावा. माझ्या तोंडात उत्तर तयारही झालं होतं, तसं नाही रे, लिहिताना तुझ्या व्याख्यांनी किती वेळा वाचवलंय आम्हाला. तेही खरंच होतं. एवढं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, मग मी भात लावला असता, आणि सोमवार आला असता तसा गेला असता. पण माझं वाक्य बाहेर पडायच्या आत तो सरळ उभा राहिला, आणि मला दिसलं की प्रश्न संपलाय. त्याचा चेहरा पुन्हा प्रस्तावनेचा झाला होता. तो म्हणाला, की जुन्या नकाशात खोटं तरी काय आहे? कोड उघडून बघा, तीनशे बारा ठिकाणी पायाचं नाव आहे की नाही? आहे. मग रेषाही आहे. पुसल्या जातात त्या नंतर. सोमवारी जुनाच राहू दे भिंतीवर. हा दाखवला तर ते म्हणतील सगळा डोलारा एका बाईच्या डोक्यावर उभा आहे, भाव पाडतील, नाहीतर पळून जातील.

मी म्हटलं, डोलारा एका बाईच्या डोक्यावरच उभा आहे.

"अगं, ते आपल्याला माहीत आहे ना. त्यांना सांगायची काय गरज?" मग त्याने पाण्याचा पेला उचलला आणि घोट घेता घेता म्हणाला, "तसंही तीन वर्षांचं मी सांगून टाकलंय."

"काय सांगून टाकलंयस?"

"की तू तीन वर्षं राहतेस. त्यांची अटच होती ती. त्याशिवाय बोलणं पुढे गेलंच नसतं."

"कधी?"

त्याने आठवून पाहिलं. "झाले की दोन महिने."

पुस्तकामागून मुलगी म्हणाली, "बाबा, आईला विचारलं होतंस?"

"आईला काय विचारायचं?" तो हसला, आणि त्या हसण्यात कपट नव्हतं, हे मी पुन्हा सांगते. "आई आहेच."

मुलीने पुस्तक खाली ठेवलं. ती सतरा वर्षांची आहे आणि तिची जीभ माझ्यासारखी नाही. ती म्हणाली, की घरात एक गॅसची शेगडी आहेच, एक फ्रिज आहेच आणि एक आई आहेच, फ्रिजला निदान दुरुस्तीवाला तरी येतो. तो तिच्यावर ओरडला नाही. म्हणाला, वाचाळ झालीयस. मग दोघं माझ्याकडे बघू लागले. मी चारही वाट्या उचलल्या, कागद आपोआप गुंडाळला गेला. दोन महिने, मी मोजत होते. साठ दिवस. साठ सकाळी त्याने माझ्यासमोर बसून चहा घेतला होता.

शुक्रवार, शनिवार आणि रविवार मी नीट झोपले, जेवले, कामही केलं. तो माझ्या मनासारखं वागत होता. एकदा कपडेसुद्धा वाळत घातले आणि घातले म्हणून सांगितलं. त्याला वाटलं असावं की विषय संपला, कारण माझ्याकडे विषय असेच संपतात. मी बोलत नव्हते कारण माझ्याकडे बोलण्यासारखं वाक्य नव्हतं. आरोपांची वाक्यं होती, पुष्कळ होती. रात्रीच्या भांड्यांबरोबर मी ती एकेक करून घासली. आईचे निळे चौकोन. पहिलं वर्ष. पण आरोप केला की तो उत्तर देणार, आणि उत्तरात तो माझ्यापेक्षा नेहमीच सरस. मला असं वाक्य हवं होतं ज्याला उत्तर नसतं. रविवारी दुपारी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या हातातलं पातेलं घेतलं. मी राहू दे म्हणणार होते. तोंड मिटलं. तिने ते घासलं. बुडाला थोडं राहिलंच होतं. मी तसंच पालथं घातलं.

सोमवारी तपासनीस बाई दहाला पाच कमी असताना आल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, हातात पेन्सिल आणि टोक करायचं यंत्र. चहा नको म्हणाल्या. नवऱ्याने त्यांना भिंतीपासून चार पावलं मागे उभं केलं. त्या चार पावलं पुढे गेल्या आणि कागदाला नाक लावून बघू लागल्या. तो बोलत होता, पायाबद्दल, दूरदृष्टीबद्दल, पहिल्या सहा आठवड्यांबद्दल. छान बोलत होता. त्याचं वाक्य संपायची वाट बघून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "या रेषेचा अर्थ काय धरलाय तुम्ही?"

चार दिवस तो कागद भिंतीवर होता. चाळीस माणसांनी तो पाहिला होता. हे कुणी विचारलं नव्हतं, मी धरून. मी म्हटलं, यात माझी एक चूक आहे. कोपऱ्यातली गुंडाळी उलगडून मी नवा नकाशा जुन्याच्या शेजारी टाचला. चार टाचण्या. नवऱ्याची नजर माझ्या पाठीवर होती, ती मला शर्टातून जाणवत होती. मी चूक सांगितली, दोन रेषांतला फरक सांगितला. बाईंनी जुन्या कागदावरून बोट उचललं आणि नव्यावर ठेवलं, चौतीस मिलिमीटरवर. "ही काढून घेतली तर?"

मी म्हटलं, तापमापक चुकीचे आकडे देतील आणि ते कुणाच्या लक्षात येणार नाही. बिघडलेली औषधं चांगली म्हणून रोग्यांपर्यंत जातील.

"ही कोण बघतं?"

"मी."

"आणखी कोण?"

"कुणी नाही."

त्यांनी पेन्सिलीने वहीत काहीतरी लिहिलं. मग वर न बघता विचारलं, "आणि पुढची तीन वर्षं?"

"मिली आहे ना," नवरा म्हणाला. त्याचा आवाज सैल झाला होता, अवघड जागा पार पडल्यासारखा. "त्याची काळजी नको. ती आहेच."

माझ्या बोटांवर टाचण्यांच्या चार खुणा होत्या. स्फटिकाच्या भांड्यात मी महिनोन्महिने काहीच घडताना पाहिलं नव्हतं. मग एखाद्या सकाळी तळाशी एक कण दिसायचा, कडा सरळ, आणि तो नव्हता असं म्हणता यायचं नाही. मी तोंड उघडलं तेव्हा नवऱ्याला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तो घाईने जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "घरी बोलू."

"नाही, इथेच बोलते," मी म्हणाले. मी बाईंकडे बघत होते. "मी थांबणार नाही. तीन महिने दुरुस्ती शिकवीन, ज्याला शिकायची असेल त्याला, पुन्हा पुन्हा. चौथ्या महिन्यात मी इथे नसेन."